वहीत एक, फ्रेमवर भलतंच

जुनं टेलिफोन एक्स्चेंज बंद करायचं म्हणजे काय करायचं, असं कुणालाही विचारा. नवं चालू करा, जुन्याची बॅटरी तोडा, भंगारवाल्याला बोलवा, असंच उत्तर मिळेल. खात्यातल्या वरच्या मजल्यावरच्या काही मंडळींची समजूतही याहून फार वेगळी नव्हती. प्रत्यक्षात कटओव्हरच्या, म्हणजे जुन्यावरून नव्यावर जाण्याच्या, आधीचे कित्येक महिने एकाच कामात जातात. या यंत्राला काय काय माहीत आहे, ते लिहून काढण्यात. कुठला नंबर कुठल्या तारेवर आहे, कुणाला एसटीडी आहे नि कुणाची बंद आहे, कुठल्या हॉस्पिटलच्या किती लाइनी एकत्र बांधल्यात, शेजारच्या तालुक्याच्या ट्रंक कुठल्या लेव्हलवरून निघतात. कागदोपत्री याला 'डेटा कलेक्शन' म्हणत. आम्ही 'खानेसुमारी' म्हणायचो.

माझी नोकरी टेक्निशियन म्हणून सुरू झाली आणि अशा खानेसुमाऱ्यांत बरीच खर्ची पडली. आधी स्ट्रौजरची, मग ज्या इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजने स्ट्रौजरला घालवलं त्याची. लोकांना टेलिफोन खात्याचे किस्से म्हटले की क्रॉस कनेक्शन आणि दहा वर्षांची वेटिंग लिस्ट आठवते. ते किस्से पुष्कळ झाले. हे आतले आहेत.

स्ट्रौजर म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. अमेरिकेत कॅन्सस सिटीला अंत्यविधीची कामं घेणाऱ्या आल्मन स्ट्रौजर नावाच्या गृहस्थाला 1891 साली याचं पेटंट मिळालं. तुम्ही डायलवर 4 फिरवला की तारेतून चार ठोके यायचे आणि एक्स्चेंजमधला सिलेक्टर चार पायऱ्या वर चढायचा. मग तो आपणच आडवा फिरून पुढच्या टप्प्याची मोकळी वाट शोधायचा. आमच्या गावचे नंबर चार आकडी. पहिले दोन आकडे दोन ग्रुप सिलेक्टर खायचे. शेवटचे दोन फायनल सिलेक्टरचे: दशकासाठी वर चढ, एककासाठी आडवा फीर, दहा गुणिले दहा, शंभर नंबर. झालं. यात मेमरी नावाची चीज कुठेच नाही. पितळेचे कॉन्टॅक्ट आणि त्यांना डाग दिलेल्या तारा, हाच सगळा डेटा. नंबर बदलायचा तर तार उचलून दुसरीकडे लावायची.

त्यामुळे कागदावरची नोंद ही केवळ माणसांच्या सोयीसाठी होती. यंत्राला तिची गरज नव्हती. आणि ज्याची यंत्राला गरज नाही ते कोण वेळेवर लिहितो?

तारा लावायच्या त्या एमडीएफवर, म्हणजे मेन डिस्ट्रिब्युशन फ्रेमवर. भिंतीएवढा लोखंडी सांगाडा. एका बाजूला उभ्या पट्ट्यांवर गावातून आलेल्या केबलच्या जोड्या, दुसऱ्या बाजूला आडव्या पट्ट्यांवर एक्स्चेंजचे नंबर. या दोघांना जोडणारी लाल-पांढरी पीळ घातलेली तार म्हणजे जंपर. नवीन कनेक्शन आलं की जंपर मारायचा, बंद झालं की काढायचा. मारायला सगळे तयार असायचे. काढताना मात्र दोन्ही टोकं टॅगवरून सोडवायची आणि मधली तार तशीच ठेवायची, कारण ओढायला गेलं तर शेजारच्या चार चालू लाइनी तुटणार. वर्षानुवर्षं हे मेलेले जंपर साठत गेले. आमच्या फ्रेमच्या मधल्या कठड्यावर त्यांचा इतका जाड थर बसला होता की उन्हाळ्यात रात्रपाळीचा माणूस त्याला पाठ टेकून डुलकी काढायचा.

फ्रेमशेजारी रजिस्टर. हिरव्या कापडी पुठ्ठ्याचं, पानागणिक शंभर नंबर. नंबर, केबल, जोडी, पिलर (रस्त्याकडेचं जोडकपाट), डीपी (घरांजवळची शेवटची पेटी), पार्टीचं नाव. शाईत लिहिलेलं ते मूळ, पेन्सिलीतलं ते तात्पुरतं आणि लाल रेघेचं ते बंद, असा नियम. आम्ही खानेसुमारीला बसलो तेव्हा दिसलं की पेन्सिलीतलंच बहुतेक खरं आहे. शाईतली नावं कधीच गाव सोडून गेली होती.

पद्धत साधी होती. एक जण फ्रेमवर शिडीवर, एक जण टेस्ट डेस्कवर, एक जण वही घेऊन खाली. शिडीवरचा टॅगवर क्लिप लावून टेस्ट डेस्कला वाजवणार, डेस्कवरच्या बाई नंबर लावून बघणार, घंटी आली तर वहीवाला खूण करणार. बाईंचा आवाज शेवटपर्यंत एका पट्टीत असायचा. "लागला. पुढचा. लागला. पुढचा. हा आपला नाहीच." त्या 'आपला नाहीच' मध्ये सगळी गंमत भरलेली.

बाजारपेठेतल्या एका बँकेचा किस्सा त्यातूनच निघाला.

बँकेला ओळीने पाच नंबर दिलेले होते. पाटीवर पहिलाच नंबर. तो बिझी असला तर फायनल सिलेक्टर आपणच पुढच्यावर सरकायचा, तोही बिझी असला तर त्याच्या पुढच्यावर, असं शेवटच्यापर्यंत. थांबायचं कुठे, हे त्याला कसं कळायचं? कॉन्टॅक्टच्या मागे स्ट्रॅप टाकलेला असायचा. ज्या नंबरवर 'पुढे जा' असा स्ट्रॅप आहे तिथून पुढे सरकायचं, नसेल तिथे थांबायचं. बँकेने केव्हातरी काटकसर म्हणून पाचवा नंबर परत केला. जंपर निघाला, रजिस्टरमध्ये लाल रेघ पडली, बिलिंगला कळवलं गेलं. स्ट्रॅप मात्र कुणी काढला नाही. तो मागच्या बाजूला असतो, वाकून टॉर्च मारल्याशिवाय दिसत नाही. पुढे तो पाचवा नंबर एका मिठाईवाल्याला दिला गेला.

मिठाईवाल्याची तक्रार दर पंधरवड्याला यायची. सकाळी अकरा ते दोन राँग नंबर येतात. 198 या तक्रार नंबरवर डॉकेट पडायचं, टेस्ट डेस्क लाइन तपासायची, लाइन ठणठणीत. 'टेस्टेड ओके' लिहून डॉकेट बंद. बरोबरच होतं, लाइनीत काही दोष नव्हताच. बँकेचे चारही फोन एकदम बिझी झाले की पाचवा कॉल पेढ्यांच्या काउंटरवर वाजायचा, आणि चारही बिझी व्हायचे ते बँकेच्या गर्दीच्या वेळेतच. रविवारी कधीच नाही. गृहस्थ शेवटी शहाणे झाले. आम्ही स्ट्रॅपची यादी करताना ती तार सापडली आणि मी खात्री करायला दुकानात गेलो, तेव्हा ते फोनवर सांगत होते, "ड्राफ्ट तयार आहे का ते मला नाही माहीत हो, बँकेत सगळे बोलतायत. तोवर पाव किलो कंदी पेढे बांधून ठेवू का?"

स्ट्रॅप काढल्याचं सांगितलं तर ते थोडे खट्टूच झाले. त्यातून गिऱ्हाईक मिळत असणार.

एमडीएफचा एक धाकटा भाऊ असतो, आयडीएफ. त्याच्याकडे बाहेरच्या माणसाचं कधी लक्ष जात नाही, पण घोळ घालायची ताकद त्याचीच जास्त. नंबर आणि त्या नंबरची आतली यंत्रणा, म्हणजे फोन उचलताच मोकळा सिलेक्टर शोधणारा त्याचा स्वतःचा युनिसिलेक्टर आणि कॉल मोजणारा मीटर, यांना जोडणारी ही फ्रेम. तिचा उपयोग असा की नंबर न बदलता ग्राहकाला एका रॅकवरून दुसऱ्या रॅकवर हलवता येतं. आमच्याकडे मार्केट यार्डातल्या सगळ्या अडत्यांना एका दमात फोन मिळाले होते, म्हणून नंबर ओळीने, म्हणून सगळे एकाच रॅकवर. सकाळी भाव निघाले की सगळे एकदम उचलणार आणि कुणालाच डायल टोन नाही. मग आयडीएफवर जंपर फिरवून अडत्यांना रॅकारॅकांत पांगवलं, आणि त्यांच्या जागी शांत माणसं आणली. पेन्शनर, देवस्थानं, एक ग्रंथालय. तांत्रिकदृष्ट्या उत्तम उपाय. पण मीटरही त्या जंपरबरोबर फिरतो. मीटरच्या पाट्यांचे फोटो काढून, ती फिल्म भिंगाखाली वाचून बिलं निघत. कुठल्या मीटरसमोर आता कुणाचा नंबर आहे हे त्याच दिवशी लिहिलं नाही, तर ग्रंथालयाला कांद्या-बटाट्याच्या भावांचं बिल जाणार. कुठे कुठे गेलंही असेल. खानेसुमारीत मीटरची पडताळणी मी नेहमी सगळ्यात आधी करायचो, कारण तिथली चूक माणसाच्या खिशातून जाते. बाकीच्या चुका नुसत्या कानाला त्रास देतात.

आता जरा नाजूक किस्सा. गाव, वर्ष, नावं काही सांगणार नाही.

एका बाईंना रात्री घाणेरडे फोन यायचे. पोलिसांचं पत्र आलं, फोन कुठून येतो ते शोधा. आज नंबर मोबाइलच्या पडद्यावर दिसतो. स्ट्रौजरमध्ये तो पायी चालत शोधावा लागायचा. फोन चालू असतानाच बाईंच्या शंभराच्या गटातला कुठला फायनल सिलेक्टर त्यांच्या नंबरवर उभा आहे ते बघायचं आणि तो तिथेच धरून ठेवायचा, म्हणजे समोरच्याने फोन ठेवला तरी मागची साखळी सुटत नाही. मग त्याला कॉल देणारा ग्रुप सिलेक्टर, त्याच्या मागचा पहिला सिलेक्टर, आणि शेवटी ज्या ग्राहकाचा युनिसिलेक्टर तिथे थांबलाय तो. एका टप्प्यावरून मागच्या टप्प्यावर कसं जायचं हे ग्रेडिंग चार्टवर असतं. चारपाच रॅकच्या बाहेर जाणाऱ्या वाटा कमी पडू नयेत म्हणून एका ठरावीक आकृतीत एकमेकींत गुंफलेल्या असतात. ती आकृती हाताशी नसेल तर या टोकाची तार त्या टोकाला कुठे गेली ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

आमचा चार्ट भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये होता. सुबक, ड्राफ्ट्समनने काढलेला, साहेबांच्या सहीचा. आणि निकामी. मध्ये एकदा पावसाळ्यात घाईघाईने दोन रॅक वाढवले, ग्रेडिंग फिरवलं, त्याचा नवा चार्ट निघालाच नाही. आमच्यातल्या सगळ्यात जुन्या मेकॅनिकला सगळे मामा म्हणायचे. मामांनी ते बदल रॅकच्या पत्र्याच्या कव्हरवर आतल्या बाजूने पेन्सिलीत लिहून ठेवले होते. कव्हर उतरवलं की चार्ट. त्या रात्री मामा रॅकच्या गल्ल्यांतून टॉर्च घेऊन पळताहेत, एकेक कव्हर उतरवताहेत, मी त्यांच्या मागे वही घेऊन. फोन आला तेव्हा आम्ही सांगितल्याप्रमाणे बाईंनी फोन करणाऱ्याला बोलण्यात गुंतवून ठेवलं. पाच-सात मिनिटांत साखळीचं दुसरं टोक सापडलं. मामांनी युनिसिलेक्टरवरचा नंबर वाचला, मी रजिस्टरमध्ये नाव बघितलं आणि दोघांनीही एकमेकांकडे बघायचं टाळलं. गावातलं बडं घर होतं.

रिपोर्ट वर गेला. उत्तर काय आलं असेल? भिंतीवरच्या अधिकृत चार्टप्रमाणे साखळी त्या नंबराशी जुळत नाही, सबब निश्चित निष्कर्ष काढता येत नाही. चार्ट चुकीचा आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण सही त्याच्यावर होती, पत्र्यावरच्या पेन्सिलीवर नव्हती.

नोंदी जुन्या राहतात त्या आळसाने, असं मी तोवर समजायचो. कुणाच्या तरी सोयीनेही राहतात. फोन यायचे मात्र थांबले, एवढं सांगतो. मामांनी काय केलं ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही.

1980च्या दशकात चित्र पालटायला लागलं. फ्रान्सच्या सीआयटी-अल्काटेलचं ई-टेन-बी हे इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आपल्याकडे आलं, उत्तर प्रदेशातल्या मनकापूरला आयटीआयच्या, म्हणजे इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजच्या, कारखान्यात ते बनायला लागलं. दुसरीकडे 1984 साली सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था स्थापन झाली, आणि 1986 मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला त्यांचं 128 पोर्टचं ग्रामीण एक्स्चेंज चालू झालं. वातानुकूलन नसलं तरी चालेल असंच ते बनवलेलं होतं. खेडोपाडी फोन पोचवण्यात या छोट्या पेटीने जे केलं त्याची जाण आज कुणाला फारशी उरलेली नाही.

आम्हाला ट्रेनिंगला पाठवलं. ई-टेन-बीला हुकूम द्यायचे ते फ्रेंच आद्याक्षरांत. एबीओसीआर म्हणजे ग्राहक तयार कर, एबीओआयएन म्हणजे त्याची माहिती दाखव. एनडी म्हणजे डिरेक्टरीतला नंबर, एनई म्हणजे आतल्या उपकरणाचा नंबर. कोल्हापूरकडचा, सोलापूरकडचा माणूस महिनाभरात ते असं बडबडायला लागला की जणू आजोळ पॅरिसला आहे. मूळ शब्द काय आहेत याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं. एनडी द्या, एनई द्या, सेमिकोलन मारा, सबस्क्रायबर तयार. सी-डॉटमध्ये एनईच्या जागी टेन, म्हणजे मॉड्यूलपासून रॅक-स्लॉट करत थेट एका सर्किटपर्यंतचा पत्ता.

मामा तेव्हा निवृत्तीला आले होते. त्यांना मी हौसेने नवं एक्स्चेंज दाखवायला नेलं. शांत, थंड खोली, कपाटं बंद, एक पडदा, एक प्रिंटर. मी हुकूम टाइप केला, प्रिंटरने एका ओळीत नंबर, उपकरण, प्रकार, सवलती असं सगळं छापून दिलं. मामांनी कागद डोळ्यांजवळ धरला, मागे-पुढे बघितला आणि म्हणाले, "हे झालं तुझं सांगणं. तार कुठेय?"

तार नाहीये, तोच तर फायदा आहे, हे मी त्यांना समजावलं. ते "बरं" म्हणाले.

आता मला वाटतं, मामांचा प्रश्न बिनतोड होता. नव्या यंत्रात नोंद हाच डेटा झाला. मेमरीत लिहिलंय तेच घडणार, त्यामुळे वहीत एक नि यंत्रात दुसरं असं होणार नाही, ही आमची खात्री. पण मेमरीपासून ग्राहकाच्या घरापर्यंत मध्ये एमडीएफ होतीच, तिच्यावर तोच जंपर होता आणि तो मारणारा माणूसही तोच होता. यंत्र छातीठोकपणे सांगायचं की अमुक नंबर अमुक सर्किटवर आहे. ते सर्किट फ्रेमवरून कुठे गेलंय, हे त्याला काय माहीत? म्हणजे खानेसुमारी आता दोन ठिकाणी करायची: एक पडद्यावर, एक शिडीवर.

हा त्रास आपल्याकडेच होता असं समजू नका. अमेरिकेत बेल कंपनीने 1965 साली न्यू जर्सीतल्या सकासुना गावी पहिलं मोठं इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज चालू केलं. त्यात ग्राहकांची माहिती अल्युमिनियमच्या पत्र्यांवर साठवलेली असायची. एकेका पत्र्यावर 2816 बारीक चुंबकं. चुंबक जागं आहे की नाही, त्यावरून शून्य की एक, असा हिशेब. पत्रे यंत्रात असताना ती माहिती बदलता यायची नाही, ते बाहेर काढून वेगळ्या यंत्रावर नव्याने लिहावे लागत. मग रोजची नवी कनेक्शनं कुठे ठेवायची? ती तात्पुरत्या मेमरीत, आणि ठरावीक काळाने सगळी पत्र्यांवर उतरवायची. थोडक्यात, शाई आणि पेन्सिल तिथेही होतीच.

आमच्या इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजची खानेसुमारी लागली तेव्हा पहिला विचार अर्थातच बॅकअपचा. सगळा डेटा कार्ट्रिज टेपवर आहे, टेप लावू, दुसरीकडे उतरवू. कपाटात कार्ट्रिज रांगेने लावलेल्या, प्रत्येकीवर तारीख आणि सही. उघडून बघितलं तर टेप ड्राइव्हचा रबरी रोलर गुळाच्या पाकासारखा चिकट झालेला. जुन्या कार्ट्रिज ड्राइव्हचं हे ठरलेलं दुखणं आहे, रबर काळाबरोबर वितळतं. टेप घातली की ओढली जायची नाही, किंवा ओढली जायची आणि तिथेच अडकायची. बरं, त्या टेपवर जे आहे ते ज्या यंत्राच्या ज्या आवृत्तीने लिहिलं, त्यानेच वाचायचं. दुसऱ्या कशाला ते कळणार नाही.

मग उलटा मार्ग धरला. यंत्र चालू आहे तोवर त्यालाच विचारायचं. एकेका नंबराची माहिती दाखव असा हुकूम द्यायचा, आणि प्रिंटरकडे जाणारी सिरियल केबल काढून लॅपटॉपला जोडायची. यंत्राला वाटतं आपण कागदावर छापतोय, इकडे फाइल तयार होते. काम हळू चालायचं, कारण हे हुकूम जिवंत एक्स्चेंजवर देत होतो. गर्दीच्या वेळी प्रोसेसरला उगाच त्रास नको म्हणून बहुतेक छपाई रात्री. माझ्याबरोबरच्या तरुण जेटीओने, म्हणजे ज्युनियर टेलिकॉम ऑफिसरने, त्या फाइलींतून नंबर, उपकरण, सवलती वेगळ्या काढायचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. पोरगं हुशार होतं. त्याने पहिल्याच आठवड्यात एक यादी काढली: वर्षभरात एकही कॉल नसलेले नंबर. "सर, हे सरळ उडवू. नव्या एक्स्चेंजवर कशाला ओझं?"

यादीत बहुतेक बंद घरं होती, एक बंद पडलेली पतसंस्था होती. आणि एक नंबर असा, ज्याच्यापुढे नाव नाही, बिल नाही, फक्त 'सर्व्हिस'. रजिस्टरमध्येही तेवढंच. जेटीओ म्हणाला, आपलाच कुठलातरी जुना टेस्ट फोन असणार. असेलही. पण शिडी लावली. जंपर फ्रेमवरून एका जुन्या केबलवर गेला होता, ती केबल गावाच्या डीपीकडे न जाता उलट्या दिशेने, धरणाच्या रस्त्याने. लाइनमनला घेऊन स्कूटरवर गेलो. शेवटचं टोक धरणावरच्या चौकीत, भिंतीवर. खाली चौकीदार चहा करत बसलेला.

"हा चालतो का?"

"चालतो की. दरवाजे उघडायचे झाले की खालच्या गावांना यावरनंच कळवतात."

"यंदा वापरलाच नाही?"

"यंदा पाऊस कुठंय साहेब?"

मागचे दोन पावसाळे कोरडे गेले होते, दरवाजे उघडले नव्हते, म्हणून कॉल शून्य. मोबाइलला तिथे डोंगराआड रेंज नव्हती. कुणी केव्हा ही लाइन दिली, बिल का नाही, 'सर्व्हिस' असं कुणी लिहिलं, काही कळलं नाही. तो नंबर आम्ही यादीतून काढला आणि नव्या एक्स्चेंजच्या डेटामध्ये त्याच्यापुढे पूर्ण लिहिलं: काय आहे, कुठे आहे, कशासाठी आहे, परस्पर बंद करू नये. शेरा लिहायला जेमतेम वीस अक्षरांची जागा होती. म्हणून मजकूर कागदावर लिहून फ्रेमच्या त्या उभ्या पट्टीवर बांधला. नवं यंत्र आलं तरी मामांची पद्धत सुटली नाही.

नंबरांच्या याद्या तशा सोप्या. वैताग असतो तो रूटिंगचा, म्हणजे कुठले आकडे आले तर कॉल कुणीकडे पाठवायचा याचा. ते एका एक्स्चेंजच्या हातातच नसतं. 2002-03च्या सुमारास लँडलाइन नंबरांच्या आधी 2 लागला, तेव्हा आम्ही आमच्या नंबरांत 2 घातला, पण आसपासच्या प्रत्येक एक्स्चेंजलाही सांगावं लागलं की आमच्याकडे येणारे आकडे आता 2 ने सुरू होणार. एखादं एक्स्चेंज विसरलं की त्या दिशेने आमचं गाव नकाशावरून पुसलं गेलं. जवळच्या एसटीडीचा 95 आला, 95 गेला. 15 जानेवारी 2021 पासून लँडलाइनवरून मोबाइल लावायला आधी शून्य आला. अशा प्रत्येक बदलाचा एकेक थर रूटिंगच्या तक्त्यात बसलेला असतो, आणि खालचे थर कुणी काढत नाही. आमच्या तक्त्यात, बंद होऊन वर्षं लोटलेल्या एका ट्रंक मार्गाची नोंद शेवटपर्यंत होती. काढली तर काय बंद पडेल, हे सांगणारा कुणी उरला नव्हता, म्हणून ठेवली. याचं समर्थन होऊ शकत नाही, पण तुमच्यापैकी कुणी चालत्या एक्स्चेंजवर असतं, तर तुम्हीही ठेवली असती.

हे सगळं करून आम्ही जे कागद, फाइली, तक्ते तयार केले ते नव्या एक्स्चेंजमध्ये डेटा भरेपर्यंत सोन्याच्या मोलाचे होते. त्याच्या दुसऱ्या दिवशी रद्दी. सिलेक्टर किलोवर गेले, रजिस्टरं त्यांच्याबरोबर गेली, मामांच्या पेन्सिलीची कव्हरं पत्र्याच्या भावाने गेली. जपायचं म्हणून कुणी जपलंच तर एखादा चकचकीत सिलेक्टर, लाकडी पाटावर बसवून साहेबांच्या केबिनमध्ये. तो कशाला जोडलेला होता ते लिहिलेलं नाही.

सिएटलच्या कनेक्शन्स म्युझियममध्ये 1923 साली बसवलेलं आणि 1974 मध्ये बंद झालेलं पॅनेल जातीचं एक्स्चेंज आजही चालतं. डायल फिरवला तर खरंच घंटी वाजते. ते स्वयंसेवकांनी चालवून दाखवलं ते यंत्र वाचवलं म्हणून, हे अर्धंच खरं. त्याची रेखाचित्रं, तारांचे तक्ते, आणि ते समजणारी निवृत्त माणसं, हेही त्यांनी वेळेत गाठलं. नुसते रॅक उचलून आणले असते तर ते शोभेचं लोखंड झालं असतं. आपल्याकडे स्ट्रौजरच्या बाबतीत ती वेळ जवळपास निघून गेली आहे. ई-टेन-बी आणि सी-डॉटच्या पिढीची अजून गेलेली नाही. ते हुकूम पाठ असलेली माणसं आज साठी-सत्तरीत आहेत, बऱ्यापैकी ठणठणीत आहेत आणि बोलायला उतावीळ आहेत.

तेव्हा, तुमच्या घरात कुणी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेलं असेल तर माळ्यावरची पेटी रद्दीत घालण्याआधी उघडा. हिरव्या पट्ट्यांचे लांबच लांब प्रिंटआउट, डायऱ्या, जंपरची वही, ट्रेनिंगच्या झेरॉक्स, काहीही असू शकतं. पानांचे क्रम मोडू नका, पेन्सिलीतल्या खुणा पुसू नका. पहिल्या पानावर एक्स्चेंजचं नाव, त्याचा प्रकार आणि साल घाला, सगळ्या पानांचे फोटो काढा. आणि ज्यांची वही आहे त्यांना शेजारी बसवून एकेका पानाचा अर्थ विचारून घ्या. हे काम या दिवाळीच्या साफसफाईतच करा, पुढच्या वर्षावर टाकू नका.